मॅडिसनला पीएचडी, सोबत नवरा आणि लेक: कॅम्पसवरच्या फॅमिली हाउसिंगचा अर्ज कधी आणि कसा करावा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टपासून युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन-मॅडिसनला मृदाशास्त्रात पीएचडी करायला निघाले आहे. रिसर्च असिस्टंटशिप मिळाली आहे, त्यामुळे फीची काळजी नाही. काळजी घराची आहे. एमएस्सी राहुरीला होस्टेलवर राहून केली, पण आता मी एकटी नाही. नवरा इथली नोकरी सोडून एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर येणार. लेक ऑक्टोबरात चार वर्षांची होईल. सासूबाईंचा बेत "डिसेंबरात येते, सहा महिने राहते, नातीकडे बघते" असा आहे आणि त्यांनी आत्तापासूनच गरम कपड्यांच्या चौकशा सुरू केल्या आहेत.

कुटुंबांसाठी विद्यापीठाची ईगल हाइट्स नावाची वसाहत आहे असं कळलं. विभागातली एक सिनियर म्हणाली, लगेच अर्ज टाक, यादी मोठी असते. दुसरा म्हणाला, कशाला त्या जुनाट घरांत राहता, बाहेर बघा. नवऱ्याचं म्हणणं, व्हिसा हातात पडल्याशिवाय कुठेही एक पैसा भरायचा नाही.

तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात कुटुंबासह राहिलेल्यांनी कृपया सांगा. अर्ज आय-२०च्या (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाच्या) आधी की नंतर? कागद कोणते लागतात? सासूबाई राहू शकतील का? आणि मुलीच्या शाळेचं काय?

तळ्याकाठचा

अभिनंदन! आम्ही ईगल हाइट्समध्येच होतो, मुलगा तिथेच रांगायला लागला. तेव्हा माझं मत एकतर्फी असणार, हे धरून वाचा.

अर्ज आजच टाका. आय-२०साठी थांबू नका, व्हिसासाठी तर मुळीच नाही. यादीतला नंबर सहसा अर्जाच्या तारखेवरून लागतो आणि ऑगस्टात घर सगळ्यांनाच हवं असतं. अर्ज आणि करार या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्जाने नाव यादीत लागतं. नंतर कधीतरी घर देऊ केल्याची ईमेल येते, तेव्हा करार आणि डिपॉझिट. मोठी रक्कम त्या वेळी लागते, एवढं तुमच्या अहोंना सांगा. व्हिसा नाकारला गेला तर करारातून कसं सुटता येतं, ते कलम मात्र सही करण्याआधी शोधून वाचा. समजलं नाही तर ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर गोड बोलून दिलेलं आश्वासन पुढे कामाला येत नाही.

त्या ईमेलला उत्तर द्यायला मुदत मोजकी असते. उन्हाळ्यात मॅडिसन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथल्या कचेरीत दुपारी पाठवलेली ईमेल तुम्ही सकाळी उठून बघणार. स्पॅमचं फोल्डर रोज उघडा. अर्ज भरताना तारखेला थोडी लवचीकता ठेवा आणि घराचा प्रकार फार नेमका मागू नका. "दोन बेडरूम, वरचा मजला, १५ ऑगस्टलाच" असं लिहिणारे यादीत तसेच बसून राहतात.

वसाहत कॅम्पसच्या पश्चिम टोकाला, मेंडोटा तळ्याजवळच्या टेकडीवर आहे. इमारती दोन मजली, जुन्या, पहिल्या १९५०च्या दशकातल्या. घरात शेगडी आणि फ्रिज असतो, बाकी बहुतेक घरं रिकामीच मिळतात. भाड्यात हीटिंग धरलेलं असतं. याची किंमत फेब्रुवारीत कळते, बाहेर राहणारा मित्र गॅसचं बिल घेऊन रडायला येतो तेव्हा. ८० नंबरची बस दारातून मेमोरियल युनियनपर्यंत जाते. तिला तिकीट नाही, पैसे विद्यापीठ भरतं. ती शेतकी कॅम्पसवरूनच जाते, म्हणजे तुमची सोय झाली.

हिलडेलकर

जरा उलटा सूर लावतो. मी त्याच गावात, हिलडेल मॉलच्या मागच्या बाजूला भाड्याने राहिलो. घर नवं, धुण्याचं मशीन घरातच, डिशवॉशर होता. कॅम्पसच्या जुन्या घरांत धुणं सामायिक मशीनवर, आणि शेजाऱ्याचं पोर रात्री रडलं की आपलं जागं होतं. खर्चाच्या बाबतीतही "कॅम्पस म्हणजे स्वस्तच" असं डोळे मिटून समजू नका. कागदावर मांडून बघा. हीटिंग, इंटरनेट, पार्किंग, बस या सगळ्यांसकट.

पण नव्याने येणाऱ्याला बाहेर घर मिळवणं अवघड, हे खरं. घरमालक क्रेडिट हिस्टरी मागतो, सोशल सिक्युरिटी नंबर मागतो, हमीदार मागतो. विमानातून उतरलेल्या माणसाकडे यातलं काहीही नसतं. मग जास्तीचं डिपॉझिट द्या नाहीतर दुसरं बघा. शिवाय कॅम्पसजवळची बरीच घरं आदल्या हिवाळ्यातच ठरून जातात. मे-जूनमध्ये शोधायला लागलात तर उरलंसुरलं वाट्याला येतं.

आणि एक. इंटरनेटवर फोटो बघून, न पाहिलेल्या "मालकाला" पैसे वायर करू नका. देखणं घर, कमी भाडं, मालक परदेशात, चावी कुरियरने पाठवतो. असं काही दिसलं की समजा, गंडा घालणारा आहे.

पेठी_पुणेकर

माझं स्पष्ट मत: पहिलं सेमिस्टर एकट्याने जावं. खोली शेअर करावी, गाव बघावं, मग डिसेंबरात कुटुंबाला आणावं. चार वर्षांचं पोर, बेकार नवरा आणि क्वालिफायरचा (पीएचडीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास एकाच वेळी झेपत नाही.

रानजाई

पेठी_पुणेकर, नवरा "बेकार" नसेल, लेकीला सांभाळणार आहे. हेच मी करायला निघाले असते तर तुम्ही मला बेकार म्हणाला नसतात, "किती त्याग" म्हणाला असतात.

तळ्याकाठचा, हिलडेलकर, मनापासून आभार. अर्ज भरायला घेतलाय. कागदांची यादी बघून मात्र घाम फुटला.

भातुकली

रानजाई, पहिल्या परिच्छेदाला टाळ्या!

शाळेचं सांगते. विस्कॉन्सिनमध्ये चार वर्षांच्या मुलांसाठी सरकारी शाळांचा ४के वर्ग असतो, फुकट. अट अशी की १ सप्टेंबरला मूल चार वर्षांचं पूर्ण हवं. तुझी लेक ऑक्टोबरची, म्हणजे थोडक्यात हुकणार आणि तिला अख्खं वर्ष थांबावं लागणार. घराच्या हिशेबात ही गोष्ट भाड्यापेक्षा मोठी ठरते, कारण अमेरिकेत पाळणाघर हा प्रकार भाड्याच्या बरोबरीला जातो. ईगल हाइट्समध्येच ईगल्स विंग नावाचं विद्यापीठाचं पाळणाघर आहे, त्याची यादी वेगळी. घराच्या अर्जाने तिथे आपोआप नाव लागत नाही, दोन्हीकडे वेगवेगळं घालायचं. विद्यार्थी पालकांना पाळणाघराच्या फीसाठी मदत देणारी विद्यापीठाची एक योजनाही आहे. तुमच्या व्हिसावर आणि नवरा घरी असताना ती लागू होते का, हे त्यांच्याकडून लेखी विचारून घे.

पुढे पाच वर्षांची झाली की वसाहतीतली मुलं शोरवुड हिल्सच्या प्राथमिक शाळेत जातात. माझ्या मुलीच्या वर्गात इतक्या देशांची पोरं होती की वाढदिवसाला काय खायला न्यायचं हा मोठाच पेच पडायचा. शेवटी चुरमुरे नेले. संपले!

लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको. कांजण्यांची लस झाली असेल तर तिची तारीख डॉक्टरांकडून इंग्रजीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहून घे. आपल्या डॉक्टरांची ती अक्षरं पुण्याच्या केमिस्टला कळतात, तिथल्या शाळेतल्या नर्सला नाही.

नवऱ्याबद्दल: एफ-२ वर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून अर्धवेळ शिकता येतं. वसाहतीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये इंग्रजीचे वर्ग आणि लहान मुलांचे खेळगट असतात. इंग्रजी येत असलं तरी सुरुवातीला जाऊ दे त्याला. माझ्या नवऱ्याची तिथे एका कोरियन बाबांशी गट्टी जमली आणि दोघं मिळून पोरांना तळ्यावर न्यायचे. घरात बसलेल्या जोडीदाराला माणसं भेटणं हा कॅम्पसवर राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा. बाहेरच्या अपार्टमेंटमध्ये जिन्यात "हाय" म्हणून दार लावून घेतात.

मिरजमळा

कागदांवर लिहितो, यातून भाजून निघालोय.

कुटुंबाचं घर मागताना कुटुंब आहे हे सिद्ध करावं लागतं. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, नवरा-बायको-मुलांचे आय-२०. काही ठिकाणी हे अर्जासोबत, काही ठिकाणी चावी घेताना. आय-२०चं ध्यानात घ्या: एफ-२ वर येणाऱ्या प्रत्येक माणसाचा आय-२० स्वतंत्र निघतो आणि प्रत्येकामागे खात्यावर दाखवायची रक्कम वाढते. असिस्टंटशिपचं पत्र तुमच्यापुरतं पुरेल, पण तिघांना पुरेलच असं नाही. बँकेचं पत्र आधीच तयार ठेवा, कारण तिथे अडकलं की पुढचं सगळंच रखडतं.

आता दाखला. महापालिकेचा असेल तर मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, निभावतं. आमचा ग्रामपंचायतीचा, हाताने भरलेला, निव्वळ मराठीत. त्याचं भाषांतर करून नोटरी केली. पण खरी गंमत नावात. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. हिचं माहेरचं वैशाली, सासरचं अनघा. दाखल्यावर अनघा, पासपोर्टवर वैशाली, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पुन्हा अनघा. हाउसिंगच्या बाईंना हिशेबाने माझ्या दोन बायका दिसत होत्या. त्यांनी अगदी अदबीने विचारलं की यातली नेमकी कोण राहायला येणार आहे.

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून, इंग्रजीत, इथूनच घेऊन जा. राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर ते पानही. तिकडे गेल्यावर कॉन्सुलेटच्या मागे लागण्यापेक्षा इथे स्टॅम्प पेपरवर काम लवकर होतं.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे त्यांनी तर आत्ताच पासपोर्ट दुरुस्त करावा. नाहीतर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं, आणि मग बँक, हाउसिंग, शाळा सगळीकडे तुम्ही श्रीयुत एफएनयू. अर्जात नाव अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणेच लिहा. मधलं नाव एका ठिकाणी लिहून दुसऱ्या ठिकाणी गाळू नका.

रानजाई

मिरजमळा, हसू की रडू कळेना. माझ्या दाखल्यावरही तोच प्रकार आहे! उद्याच नोटरीकडे जाते.

उंटावरचा_शहाणा

थोडं अवांतर. अमेरिकन विद्यापीठांत "विवाहित विद्यार्थ्यांची घरं" हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावला. १९४४च्या जीआय बिल या कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात आले, आणि येताना बायका-मुलं घेऊन आले. तोवर वसतिगृह म्हणजे एकट्या पोरांचं. मग कुठे पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या, कुठे ट्रेलर, मिळेल तिथे सोय झाली. मॅडिसनला तर विद्यार्थ्यांची कुटुंबं शहरापासून सुमारे ३५ मैलांवर, बॅजर ऑर्डनन्स वर्क्स या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत ठेवली होती. बॅजर व्हिलेज म्हणत. तिथून बसने वर्गाला यायचं. तेव्हा ८० नंबरच्या बसला उशीर झाला तर तक्रार करताना त्यांची आठवण ठेवा.

अल्बनीवासी

आमचं घरही त्याच काळातलं. यूसी बर्कलीची युनिव्हर्सिटी व्हिलेज, शेजारच्या अल्बनी गावात. मुळात ती युद्धकाळात कामगारांसाठी बांधलेली कोडोर्निसेस व्हिलेज. जुनी घरं पाडून आता नवी बांधली आहेत. ५२ नंबरची बस कॅम्पसला नेते. मुलं अल्बनीच्या शाळांत जातात आणि केवळ त्या शाळांपायी लोक व्हिलेजच्या यादीत ठाण मांडून बसतात. भाडं मात्र ऐकून पोटात गोळा येतो. पगार हातात यायच्या आधी निम्म्याहून जास्त घराला गेलेला असतो. तरी बाहेर बे एरियात तेवढ्यात काय मिळतं ते बघितलं की गप्प बसतो.

एक सल्ला सगळीकडे लागू: असिस्टंटशिप नऊ महिन्यांची आहे की बारा, हे पत्रात बघा. भाडं बाराही महिने असतं. नऊ महिन्यांवाल्यांनी सप्टेंबरापासूनच उन्हाळ्याची गंगाजळी वेगळी काढावी.

परतलेला_पक्षी

स्टॅनफर्डचं वेगळं आहे, म्हणून लिहिते. तिथे रांग नाही, लॉटरी. आपल्या म्हाडासारखीच, फक्त इथे नंबर लागला नाही तरी कुणी आमदाराकडे जात नाही. नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पहिल्या फेरीच्या मुदतीत, साधारण मे महिन्यात, अर्ज केला तर पहिल्या वर्षी घराची हमी असते. मुदत चुकली की हमी गेली. मुलं असलेल्यांना एस्कॉन्डिडो व्हिलेजमधली कमी उंचीच्या इमारतींतली घरं. एकट्यांना आणि बिनमुलांच्या जोडप्यांना २०२० साली उघडलेल्या उंच इमारती. भाडं दर महिन्याला देत नाहीत, तिमाहीच्या विद्यापीठ बिलात एकदम येतं. पहिलं बिल बघून चक्कर येते, कारण पहिला पगार तोवर झालेला नसतो.

थोडक्यात, "अमेरिकेत असं असतं" असं कुणी म्हणालं तर कुठल्या विद्यापीठात ते आधी विचारा.

गंगा_ढाबा

आपल्याकडचंही लिहायला हवं. जेएनयूत विवाहित संशोधकांसाठी महानदी होस्टेल आहे. तिथे नंबर लागेपर्यंत अनेकांचा प्रबंध लिहून होत येतो. तोवर मुनिरका नाहीतर बेर सरायमध्ये एक खोली. जेआरएफ, म्हणजे संशोधकांची फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० झाली, त्यावर होस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता. पण दिल्लीत त्या भत्त्यात उजेड येणारी खोली मिळत नाही, आणि होस्टेल मिळालं की भत्ता बंद. मुलाला घेऊन पीएचडी करणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात, आजी गावाहून येऊन राहिल्याशिवाय एकीचंही निभलं नाही. त्यामुळे रानजाई, सासूबाईंना नाराज करू नका.

ओसरी

सासूबाईंचा मुद्दा कुणीच नीट घेतला नाही, म्हणून लिहिते. माझी आई बाळंतपणाला आली होती, मिडवेस्टातल्याच एका विद्यापीठात.

करारावर ज्यांची नावं, तेवढेच रहिवासी. बाकी सगळे पाहुणे, मग ती आई असो की सासू. पाहुण्यांच्या मुक्कामाला दिवसांची मर्यादा असते. आमच्याकडे दोन आठवडे, पुढे लेखी परवानगी. तुमच्याकडचा आकडा करारात सापडेल. बी-२ वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांना विमानतळावर सहसा सहा महिने मिळतात, पण तो इमिग्रेशनचा निर्णय. हाउसिंगला त्याच्याशी देणंघेणं नाही. तेव्हा त्या येण्याआधीच, व्हिसाची प्रत, परतीचं तिकीट आणि "नात लहान आहे, मदतीला येत आहेत" असं दोन ओळींचं कारण जोडून परवानगी मागा. मूल लहान असेल तर बहुतेक कचेऱ्या समजूतदार असतात.

लपवायच्या भानगडीत पडू नका, लपत नाही. आमच्या शेजारणीची सासू आल्या आल्या जिन्यात रोज पहाटे रांगोळी काढायची. तांदळाच्या पिठाची, चार ठिपक्यांची. मॅनेजर पहिल्या दिवशी कौतुकाने फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी दार वाजवलं, "फार सुंदर आहे. आणि ज्या काढतात त्यांचा पाहुण्यांचा फॉर्म भरलाय का?"

प्रवासी आरोग्य विमा घेतल्याशिवाय ज्येष्ठांना विमानात बसवू नका, हे वेगळं सांगायला नको. आणि डिसेंबरऐवजी मे-जूनमध्ये बोलवा. मॅडिसनचा जानेवारी म्हणजे तळं गोठून त्यावर माणसं चालतात. पहिल्यांदा येणाऱ्या बाईने सहा महिने खिडकीतून बर्फ बघत बसायचं, त्यात मजा नाही.

सुगरणबाई

सगळ्यांनी कागद सांगितले, आता स्वयंपाकघर.

कॅम्पसच्या घरात धुराचा अलार्म फार हळवा असतो. आपली हिंगाची फोडणी, त्यात लाल मिरची, कढई तापलेली, की तो कोकलायला लागतो. काही इमारतींत तो घरापुरता वाजतो, काहींत सगळी इमारत थंडीत स्वेटर घालून बाहेर उभी राहते आणि अग्निशमन दल येतं. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी किंवा शॉवर कॅप चढवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो नियमभंग आहे, दंड होतो. आणि खरंच आग लागली तर काय?

उपाय साधे आहेत. इलेक्ट्रिक शेगडीची प्लेट हळू तापते आणि बंद केली तरी तापलेलीच राहते, हे हाताला कळायला वेळ लागतो. तेल मध्यम आचेवरच तापवा, मोहरी तडतडली की भांडं प्लेटवरून उचलून बाजूला घ्या आणि हिंग-मिरची त्यानंतर घाला. खिडकी बोटभर उघडी, पंखा चालू, न्हाणीघराचं दार बंद. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा गरम पाण्यात साबण घालून भिजवा. माझ्या आधीच्या भाडेकरूने ती कधीच धुतली नसावी. काढली तर मधासारखं तेल ओघळलं.

सुकट भाजायची असेल तर कम्युनिटी सेंटरच्या बाहेर ग्रिल असतात का बघा. घरात नको. मी कोकणातली असून सांगते.

तळ्याकाठचा

सुगरणबाईंना अनुमोदन. आमच्या इमारतीत तर दोन देशांची फोडणी एकाच वेळी पडायची.

सामानाचं राहिलं. मॅडिसनमध्ये बाहेरच्या घरांचे बहुतेक करार ऑगस्टच्या मध्यावर एकदमच संपतात. १४-१५ ऑगस्टला अख्खं गाव घर बदलतं आणि नको असलेलं सगळं फुटपाथवर ठेवतं. त्या दोन दिवसांना तिथे हिप्पी ख्रिसमस म्हणतात. टेबल, खुर्च्या, दिवे, पुस्तकांची कपाटं, सायकली, सगळं मिळतं. तेव्हा पुण्याहून भांडी आणा, फर्निचरचा विचारही करू नका. फक्त गाद्या आणि कापडी सोफे उचलू नका, कितीही चांगले दिसोत. त्यात ढेकूण असले तर पुढचे महिने त्यांच्या सेवेत जातात.

जुना करार संपल्यावर नवं घर दुसऱ्या दिवशी मिळतं, त्यामुळे मधल्या रात्री बरेच जण सामानासकट रस्त्यावर असतात. त्या काळात हॉटेलं मिळणं कठीण. चावीची तारीख आणि विमानाची तारीख यांत अंतर पडत असेल तर आत्ताच कुणाकडे तरी दोन रात्रींची सोय लावा. विभागाला विचारायला लाजू नका.

रानजाई

धाग्यावर ताजी खबर. अर्ज गेला, यादीत नाव लागलं. दोन बेडरूम पहिली पसंती, पण एक बेडरूमलाही हो म्हटलंय. तारीख ऑगस्टचा पूर्ण पंधरवडा दिली. ईगल्स विंगलाही नाव घातलं. प्रतिज्ञापत्र झालं, नोटरी म्हणाला की महिन्याला अशी बरीच येतात. तिघांच्या आय-२०साठी बँकेचं पत्र नवऱ्याने स्वतः आणलं, म्हणजे "एक पैसा भरायचा नाही"पासून इथवर आलोय. सासूबाईंना मेमध्ये बोलवायचं ठरलं. त्यांनी लगेच विचारलं, तिथे अंगण आहे का.

शेवटचा प्रश्न. वसाहतीत भाजी लावायला जमीन मिळते असं ऐकलं. खरं आहे का? आणि इथून बियाणं आणू का?

तळ्याकाठचा

खरं आहे. ईगल हाइट्सच्या बागा १९६२पासून आहेत, शेकडो वाफे आहेत. त्यासाठीही अर्ज वेगळा, आणि तोही हिवाळा संपायच्या आत. हंगाम छोटा असतो. मेच्या मध्यापर्यंत दहिवर पडू शकतं, ऑक्टोबराच्या सुरुवातीला पुन्हा सुरू. तरी मेथी, कोथिंबीर, मिरची, पालक झकास येतो. गवार मला जमली नाही, शेजारच्या गुजराती आजींना जमायची. हरणं येतात, तेव्हा वाफ्याला जाळीचं कुंपण हवंच. सासूबाईंना आल्या आल्या काम मिळेल.

भातुकली

बियाणं आणू नकोस गं. प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात, आणि जाहीर केलं नाहीस तर दंड. माती तर लांबच राहिली, तुला हे मी काय सांगू! देशी दुकानातले अख्खे धणे घे, लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका कर, रात्रभर भिजत घाल आणि पेर. मेथीचे दाणे डब्यातलेच चालतात. मिरचीचं रोप शेतकरी बाजारात मिळतं, कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या चौकात शनिवारी भरतो तो. सकाळी लवकर जा, नंतर गर्दीत पोरीची ढकलगाडी पुढे सरकत नाही.